म्हसोबाच्या नावाची तलंग

पिल्लं अंड्यातून बाहेर आली की लोक लगेच विचारतात, यात कोंबडे किती? पहिल्याच आठवड्यात छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गावठी पिल्लांचं महिना-दीड महिन्यानंतर बघावं. नराचा तुरा लाल व्हायला लागतो, पाय जाड दिसतात. पुढे मानेवर टोकदार पिसं येतात. मादीचा तुरा फिकट राहतो, पण तिचे पंख भावांच्या आधी भरतात. हे मला सासूबाईंनी शिकवलं. माझ्या माहेरी शहाद्याला कोंबडी फक्त ताटात यायची.

तापीकाठच्या या गावात सासूबाईंचा शब्द शेवटचा होता. गल्लीतल्या बायका टोपलीत पिल्लं घालून आणायच्या. सासूबाई एकेक उचलून डोळ्यांपुढे धरायच्या आणि भाजी निवडावी तशा बोलायच्या, "हाई ठेव. हाऊ इकी टाक." म्हणजे ही मादी, ठेव; हा नर, विकून टाक. कुणी उलट विचारायचं नाही.

शेतातल्या बोअरला पाणी लागलं त्या वर्षी त्यांनी बांधावरच्या म्हसोबाला कोंबडा बोलला होता. आमच्याकडे असा कोंबडा बाजारातून आणत नाहीत. घरच्याच पिल्लांतला निवडून त्याच्या पायाला लाल दोरा बांधतात. बांधायचा घरातल्या मोठ्या बाईनं. मग त्याला कुणी मारत नाही, विकत नाही, स्वयंपाकघरात शिरला तरी हाकलत नाही. पिल्लू वाढेल तसा दोरा फक्त सैल करायचा, दुसऱ्याच्या पायात घालायचा नाही. सासूबाईंनी एक तांबूस पिल्लू उचललं, चाचपलं आणि दोरा बांधला.

ते पिल्लू मोठं होत गेलं तशी मला शंका येऊ लागली. बरोबरीचे दोन कोंबडे एकमेकांच्या अंगावर धावून जात, हे आपलं भिंतीकडेला दाणे टिपत असे. तुरा फिकट, मानेची पिसं गोल. शेवटी मी बोललेच, "बाई, हाऊ कोंबडा नही. कोंबडी शे."

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. "काल उनी नि माले शिकाडस?"

त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. मला राग पिल्लाचा वाटला होता. पण मी लक्ष ठेवायला लागले तशी वेगळीच गोष्ट दिसली. त्या तांदूळ निवडायचं टाळत होत्या. सुई मला ओवायला देत, वर "माले येळ नही" म्हणत. उंबऱ्याबाहेर पाय आधी चाचपून टाकत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे कुणाला कळलं तर बायकांचं टोपल्या घेऊन येणं बंद होईल, एवढीच त्यांना धास्ती होती. म्हणून मीही गप्प बसले. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

नवस फेडायचा दिवस ठरला. पाहुण्यांना निरोप गेले. आदल्या दिवशी सकाळी सासूबाई डालग्यात हात घालून अंडी गोळा करत होत्या आणि शेजारची माझी चुलत जाऊ ओट्यावर चहा पीत होती. दोरा बांधलेली तलंग, नुकतीच अंड्यावर आलेली ती कोंबडी, त्यांच्या हाताखालून उठली, ओरडत अंगणात आली. सासूबाईंच्या तळहातावर छोटंसं, गरम अंडं होतं.

जाऊबाईंना तेवढंच हवं होतं. "काय वं माय, तुन्हा म्हसोबाले कोंबडी चालस का?"

मी चुलीपुढून उठले. काहीतरी बोलून सावरायला पुढे झाले. सासूबाईंनीच अंडं वर धरलं.

"दख, पानी मांगं तं पानी दिन्हं," त्या म्हणाल्या. "आते कोंबडाले बी अंडं द्याले लावं. असा देव शे मन्हा!"

जाऊबाईंच्या नाकातून चहा यायचा बाकी राहिला. हसणं ओसरल्यावर सासूबाई तिच्यादेखतच मला म्हणाल्या, "माले दखास नही वं. तूच आन एक कोंबडा." मी घरच्याच दोघांतला एक आणला. त्यांनी तुऱ्यावरून बोट फिरवलं, पाय दाबून पाहिले आणि मान डोलावून नवा दोरा बांधला. तलंगीचा दोरा तिच्याच पायात राहिला.

त्या हिवाळ्यात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मधल्या काळात बायका माझ्याकडे येत होत्या आणि मीही "हाई ठेव, हाऊ इकी टाक" म्हणायला शिकले होते. काळा चष्मा उतरला त्याच दिवशी सासूबाई अंगणात बाजेवर बसल्या आणि मी मादी म्हणून बाजूला काढलेलं पिल्लू उचलून म्हणाल्या, "हाऊ कोंबडा शे. तुन्हं ऑपरेशन कधय?"

महिन्याभरात तो आरवायला लागला.

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. गल्लीतल्या टोपल्या माझ्याकडे येतात. मी सांगते ते सगळ्या निमूट ऐकून घेतात, त्यामुळे माझ्या चुका पिल्लू आरवेपर्यंत कळत नाहीत.