पाण्यापलीकडची लेक

मुलीने आयुर्वेदाची पदवी घेतली आणि तिला पहिली सरकारी नेमणूक मिळाली ती सातारच्या डोंगरात, धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका उपकेंद्रात. कासच्या पठारावरून खाली बामणोलीला उतरायचं आणि पुढे लाँचने जायचं. पलीकडून रस्ता आहे म्हणतात, पण तो सांगणारेही त्या रस्त्याने जात नाहीत.

आम्ही पेढे वाटले. मग बायकोने विचारलं, "अहो, तिथं काही झालं तर डॉक्टर कुठला आणायचा?"

"डॉक्टर तीच आहे," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी. तिला झालं तर?"

मुलगी गेली ती पावसाळ्याच्या शेवटी. तिकडे फोन लागत नाही. गावामागच्या टेकाडावर चढलं की एका जागी रेंज येते, तिथून ती रविवारी फोन करायची. सगळं छान आहे म्हणायची. तिच्या आईचा 'सगळं छान'वर कधीच विश्वास नव्हता. दिवाळीलाही मुलगी आली नाही, तेव्हा बायको मला म्हणाली, "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून, नाहीतर मीच गेले असते. तुम्ही जा आणि तिला घेऊन या. पुण्यात दवाखाने काय कमी आहेत?"

मलाही तेच वाटत होतं. पण माझं कारण वेगळं होतं आणि ते मी घरात बोललो नव्हतो. माझे वडील खडकीच्या कारखान्यात लागले ते गाव सोडायला मिळावं म्हणून. आपल्या गावाबद्दल त्यांनी आम्हाला फारसं सांगितलं नाही. विहिरीचा विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे, एवढंच आठवतं. आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. तिथं सगळे शिफ्टने ओळखले जात. मी त्याच कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालो आणि वारज्याला फ्लॅट घेतला. आमच्या घरातलं कुणी पुन्हा खेड्यात राहायला गेलं नव्हतं. मुलगी पहिलीच. आणि तीही एकटी.

वारज्याच्या पुलाखाली सकाळी सातारची एसटी मिळाली. बायकोने दिलेली पिशवी माझ्यापेक्षा जड होती. त्यात चिवडा, लाडू, शेंगदाण्याची चटणी, एक स्वेटर आणि टाचदुखीवरचं मलम होतं. सातारला बामणोलीची गाडी धरली. कासच्या पुढे घाट उतरताना एका वळणावर खाली पाणी दिसलं. मी समजत होतो धरण म्हणजे एक भिंत आणि तिच्यामागे साठलेलं पाणी. इथे भिंत कुठेच दिसत नव्हती. डोंगरांच्या मध्ये शिरत, वळत, पुन्हा दिसेनासं होत पाणी लांबवर गेलेलं होतं. सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. पण माझ्या मनात आलं ते एवढंच, की हे सगळं ओलांडून जायचंय आणि तिला रोज हे मध्ये ठेवूनच राहायचंय.

लाँचमध्ये बाजार करून परतणाऱ्या बायका, दोन गॅस सिलिंडर, पत्र्याचे डबे आणि एक म्हातारे गृहस्थ होते. लाँच निघाली तसे ते माझ्याजवळ सरकले.

"पाव्हणं कुठलं?"

"पुण्याचा."

"आडनाव काय म्हनायचं?"

हा प्रश्न मला नवा नाही. आडनावात काय शोधतात तेही माहीत आहे. मी आडनाव सांगितलं. ते क्षणभर पाण्याकडे बघत राहिले. बायकांपैकी एकीनेही मान वळवली. माझा हात नकळत पिशवीवर घट्ट झाला.

मग ती बाईच म्हणाली, "म्हंजी तुमी डॉक्टरीणबाईंचं वडील हाय का?"

"हो."

"नाकावरनं वळखू येतंय की," ती म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या. म्हाताऱ्यांनी पुढे काही विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी मला त्यांच्या घोंगडीचं एक टोक दिलं. पाण्यावरचं वारं बोचरं होतं. मी ते घेतलं.

आम्ही साधारण मध्यावर असू, तेव्हा समोरून एक लहान होडी येताना दिसली. तिच्या इंजिनाचा आवाज आमच्यापेक्षा चढा होता आणि ती सरळ आमच्याच अंगावर आल्यासारखी येत होती. आमच्या चालकाने वेग कमी केला. "कुनीतरी अडलेलं दिसतंय," तो म्हणाला.

होडी जवळ आली. तळाला गोधडीवर एक गरोदर बाई आडवी होती. तिचं डोकं एका म्हातारीच्या मांडीवर होतं. पायाशी गुडघे टेकून, केस घट्ट वर बांधलेली, अंगावर नारिंगी लाइफ जॅकेट घातलेली एक मुलगी वाकलेली होती. तिने मान वर केली तेव्हा मला कळलं की ती माझी मुलगी आहे.

तिनेही मला ओळखलं. तोंड थोडं उघडं राहिलं, तेवढंच.

"बाबा? आईला काही झालं का?"

"नाही, नाही! सहज आलोय!"

"किल्ली शेजारच्या मावशींकडे आहे! जेवून घ्या!" एवढं ओरडून ती पुन्हा त्या बाईकडे वळली. बाई कण्हत होती. मुलगी तिला काहीतरी सांगत होती, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. होडी निघून गेली. तिच्या लाटेने आमची लाँच डुलायला लागली आणि मी दांडा धरून उभा राहिलो, ती होडी ठिपका होईपर्यंत. पुण्याहून एवढा आलो आणि लेकीची भेट झाली ती अशी, पाण्यात, हाकेच्या अंतरावरून.

"बामनोलीत गाडी उभी आसंल," घोंगडीवाले म्हातारे म्हणाले. "सकाळीच निरोप आला व्हता. बसा तुमी."

शेजारच्या मावशींनी किल्ली दिली, आणि मी काही बोलायच्या आत ताट वाढलं. नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी. त्या स्वतः उंबऱ्यापाशी बसून मी कसा जेवतो ते बघत होत्या. मी पुन्हा आमटी मागितली तेव्हा त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मुलीची खोली त्यांच्याच घराच्या कडेला होती. पलंग, बादली, मोड आलेले बटाटे, दोरीवर वाळत घातलेला ॲप्रन. फळीवर आमच्या घरातून नेलेली बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढे रानातली कसलीतरी पिवळी फुलं. दाराची कडी नीट बसत नव्हती. एवढे दिवस पोरगी अशा दाराआड झोपते? मावशींकडून पाना आणि हातोडी मागून आणली आणि कडी काढून सरळ केली. काम छोटं होतं, पण मी ते दुपारभर पुरवलं. हात चालू असले की डोकं थोडं गप्प राहतं.

त्या दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या लाँचने आली. मी काठावर उभा होतो. ती चिखलातून चपला हातात घेऊन वर आली, डोळे सुजलेले, आणि येऊन माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलं.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "कासच्या अलीकडे, गाडीतच. बाई ठीक आहे. बाळ फार बारीक आहे, सातारला काचेच्या पेटीत ठेवलंय. काय होईल सांगता येत नाही."

चहा झाल्यावर मी विषय काढला. आडून आडून बोलणं मला जमत नाही. "आईने तुला घेऊन यायला सांगितलंय. आणि मलाही तेच वाटतं."

"का?"

"एकटी आहेस. मध्ये एवढं पाणी. आणि..." मी थांबलो.

"आणि गावातले लोक," ती म्हणाली.

मी मान हलवली.

तिने कप खाली ठेवला. "बाबा, मी आले तेव्हा पहिल्या घरी खोली आहे म्हणाले. आडनाव विचारलं आणि मग खोली नाही म्हणाले. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही त्याच दिवशी आला असता."

"आलोच असतो."

"म्हणूनच. मग मावशींनी ही दिली. त्यांच्या जावेने त्यांच्याशी थोडे दिवस बोलणं सोडलं होतं. आता बोलते." ती जरा थांबली. "काल होडीत जी बाई होती ना, ती त्या पहिल्या घरातली सून."

मला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. "आणि तू गेलीस तिच्याबरोबर?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी परक्या भाषेत बोललो. "बाबा, तिला झटके येत होते."

ती उठली आणि भांडी घासायला लागली. नंतर पाठमोरीच म्हणाली, "मला इथं आवडतं असं नाही. कधीकधी इतकं एकटं वाटतं की टेकाडावर जाऊन नुसता फोन हातात घेऊन बसते. पण घेऊन जायला आलात असं म्हणू नका. भेटायला आलात असं म्हणा."

"भेटायला आलोय," मी म्हणालो.

मी आणखी दोन दिवस राहिलो. निघताना ती लाँचपर्यंत आली. पहिल्या घरातला एक मध्यमवयीन माणूस, त्या सुनेचा सासरा, काठावर उभा होता. त्याने मला नमस्कार केला. मीही केला. तो नमस्कार कसला होता याचा मी अजूनही कधीकधी विचार करतो. उपकार मानण्याचा असेल, लाजेचा असेल, किंवा नुसता रिवाजाचा. तो पुरेसा होता असं मला वाटत नाही. पण त्याने तो केला, आणि बाकीचे लोक बघत असताना केला, हेही खरं.

घरी पोचलो तर दार उघडून बायकोने माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, "म्हणजे एकटेच फिरून आलात. हवा कशी होती?"

मी तिला सगळं सांगितलं, खोली नाकारल्याचंही. तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मग विचारलं, "आणि ते बाळ?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. ते कळलं रविवारी. फोन आला तेव्हा बायकोने तो माझ्या हातातून घेतला आणि कशी आहेस वगैरे न विचारता थेट बाळाचंच विचारलं. पलीकडे वारा होता, शब्द तुटत होते. बाळ पेटीतून बाहेर आलं होतं, आईचं दूध पीत होतं. बायकोने फोन मला दिला आणि कपाट उघडून जुन्या मऊ साड्या काढायला लागली. दुपटी शिवायची होती. गुडघा बरा झाला की ती स्वतःच घेऊन जाणार होती.