मुरुमांवरचं मलम

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी मुखेडहून तिथल्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. दुष्काळामुळं पाणी टँकरचं होतं. गाल मुरुमांनी भरलेले, म्हणून मी कचेरीतही पदर तोंडावर ओढून बसायची.

शेजारणीनं सांगितलेली ट्यूब आणायला बसस्टँडजवळच्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचे, कपाळाला विभूती, गालांवर जुन्या मुरुमांचे खड्डे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते म्हणाले, "ही खाजेची ट्यूब हाय. चार दिवस चेहरा उजळल, मग दुप्पट फोड येतील. मी देणार न्हाई. सरकारी दवाखान्यात दाखवा."

डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यावर त्यांनी मलम दिलं. करंगळीचं टोक पुढं करून म्हणाले, "एवढंच लावायचं."

पंधरा दिवसांत कातडी सोलवटली, मुरूम मात्र तसेच. रडवेली होऊन मी ट्यूब त्यांच्यापुढं ठेवली. सदऱ्याला चष्मा पुसत ते म्हणाले, "ताई, पेरलेलं रोज उकरून बघतंय का कुणी? एक दिवसाआड लावा. दोन महिने थांबा."

मी थांबले. तिसऱ्या महिन्यात गाल निवळले. थोडे डाग राहिले.

एकदा दुकानात कॉलेजातली एक मुलगी त्याच खाजेच्या ट्यूबसाठी हटून बसली होती. मला पाहून ते तिला म्हणाले, "ह्या ताईला इचार."

ती माझ्याकडे निरखून बघू लागली. मी चेहरा उजेडाकडे वळवला.