तलावाकाठचा गुलाबी फेटा

पक्षी पाहायला निघताना काय करावं, हे आमच्या ह्यांच्याकडून मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. कपडे मळखाऊ रंगाचे हवेत. ऊन पाठीशी असावं. एका जागी गप बसावं. आणि बायकोनं बोलू नये. बाकीचं पुस्तकातलं असेल, शेवटचं मात्र ह्यांनी पदरचं घातलेलं आहे.

तीन हिवाळे हे पट्टकादंबाच्या मागे होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस थंडीत हिमालयापलीकडून येतो आणि, माझ्या अनुभवाप्रमाणे, आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी निघून जातो. नांदेडकडचे सगळे तलाव पालथे घातले, पण धड फोटो एक नाही. म्हणून चाकूरजवळच्या खेड्यातून धाकट्या नणंदेचा फोन आला, "दादा, पट्टेवाली पाखरं आलीत आमच्या तलावात," तेव्हा ह्यांनी लातूरहून मिळेल ती एसटी धरली. मला मेंदी रंगाची साडी नेसायला लावली. वाजतात म्हणून बांगड्याही काढायला सांगत होते. त्यावर मी नुसतं बघितलं.

पण बहिणीच्या दारी भाऊ इतक्या वर्षांनी आला म्हटल्यावर तो चहा पिऊन तसाच तलावावर जाईल, असं ह्यांना वाटलंच कसं, कोण जाणे. नणंदेनं पाटावर बसवून कुंकू लावलं आणि तिच्या मालकांनी ह्यांच्या डोक्याला भडक गुलाबी फेटा बांधला. खाली मातकट शर्ट, मातकट पिशवी. मी पदर तोंडाला लावला.

"तिथं गेल्यावर काढतो," हे माझ्या कानाशी पुटपुटले. पण नणंदही सोबत निघाली, सारखी कौतुकानं फेट्याकडे बघत.

हंस खरंच होते, पाण्यात निवांत. ऊनही पाठीशी होतं. ह्यांचा हात फेट्याकडे गेला आणि बहिणीकडे बघून खाली आला. तसेच वाकून दोन पावलं पुढे सरकले, तोच सगळा थवा उठला. कॅमेऱ्यात शेपट्या तेवढ्या आल्या.

मला हसू आवरेना, पण ह्यांचं तोंड बघून वाईटही वाटलं.

"संपलं," हे म्हणाले. "आता कुठली परत यायला."

"येतील की सांजच्याला," नणंद म्हणाली. "पाखरं दरसाल येतात, दादा. तूच येईना झालास. म्हणून यंदा त्यांचं नाव सांगून बोलावलं."

ह्यांनी कॅमेऱ्यावर झाकण लावलं.

संध्याकाळी थवा परतला. तेव्हा कॅमेरा घरात खुंटीला होता आणि हे बहिणीशेजारी बांधावर बसून हुरडा खात होते, फेट्यासकट. दुसऱ्या दिवशी परतताना मी म्हटलं, एसटीत तरी काढा. चाकूरपासून लातूरपर्यंत अख्खी गाडी आमच्याकडे बघत होती, पण ह्यांनी फेटा काढला नाही.