छताच्या वरची जागा

फैसलबद्दल मला फार थोडं माहीत आहे. तो पहूरहून रोज एसटीने जळगावला यायचा, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचा, आणि त्याच्या आईचं नाव हुस्नबानो, एवढंच. आईचं नावही मला मयतीत कळलं.

पुण्याच्या एका एसी कंपनीला आखण्या करून देणाऱ्या पियुषशेठच्या ऑफिसात आम्ही दोघं शेजारी बसायचो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, हाताने नकाशे काढणारा माणूस. फैसल कॉम्प्युटरवर इमारतीतली एकेक जागा आखायचा. भिंती, खिडक्या, माणसं, दिवे भरले की कुठे किती गारवा लागेल ते कॉम्प्युटर सांगे. फैसलला बारीक अक्षर दिसत नसे. म्हणून मी कागदावरून खोल्या वाचायच्या आणि त्याने आखायच्या.

एप्रिलमध्ये धुळ्याच्या एका दवाखान्याचा लहान मुलांचा वॉर्ड आला. मी सगळ्या खोल्या वाचल्या. फॉल्स सीलिंग आणि स्लॅब यांच्यामधली पोकळी मात्र सोडून दिली. आमच्या वेळी ती कुणी मोजतच नसे.

"बठ्ठं झालं ना, नाना? सगळं?" फैसलने विचारलं.

"झालं."

मंगळवारी सकाळी पुण्याच्या कंपनीकडून काम परत आलं. वॉर्डातला गारवा कमी पडत होता. फैसलने कारण लगेच ओळखलं.

"नाना, वरची पोकळी राहिली."

"तिथे कोण बसतंय? कबुतरं?"

तो हसला. "ऊन बसतं, नाना."

पियुषशेठ तावातावाने आले, तेव्हा तो उठून म्हणाला, "शेठ, माझं चुकलं." मी मान खाली घालून कागद लावत राहिलो.

शेठ गेल्यावर मी म्हणालो, "अरे, आज तुझा डायलिसिसचा वार."

"उद्या जातो. आधीच सुट्ट्या फार झाल्यात, त्यात हे. शेठ दुसरा माणूस बघतायत, नाना. ही नोकरी गेली तर मला कोण ठेवणार?"

पाय सुजले होते, म्हणून चपला काढून तो दिवसभर बसला. प्रत्येक खोलीच्या डोक्यावरची पोकळी त्याने आखली. पाच वाजता काम गेलं.

बुधवारी पहाटे फैसल वारला. डॉक्टर म्हणाले, एक डायलिसिस चुकलं म्हणून असं होतंच असं नाही. ते ऐकूनही मला बरं वाटलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसचा जिना उतरताना मी त्याच्या मागे होतो. चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. दोनदा तोंड उघडलं. तो कठडा धरून थांबला, मागे वळला.

"नाना, तुमची पाण्याची बाटली टेबलावरच राहिली."

"राहू दे. उद्या आहेच की."