सारजाबाईंच्या कॅसिओचा आवाज

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या स्पीकरच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्यांदा वॅट विचारतं. किती वॅटचा आहे? खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा आणि निवडणुकीतलं आश्वासन यांत फारसा फरक नसतो, हे मी सगळ्यांना सांगते. सगळे मान डोलावतात आणि विचारतात, बरं, पण किती वॅट? वडिलांनी रेडिओ दुरुस्तीसाठी थाटलेलं हे दुकान मी चालवायला घेतलं, तेव्हापासून या एका प्रश्नानं माझं अर्धं डोकं खाल्लं आहे. उरलेलं अर्धं खाल्लं ते मोबाइलवर तेच ते धांगडधिंग्याचं गाणं लावून स्पीकरची परीक्षा घेणाऱ्यांनी. गिऱ्हाइकांवर चिडणारी बाई म्हणून मी बाजारात थोडीफार प्रसिद्धही आहे.

सारजाबाईंनी मला वॅट विचारला नाही. विचारणं त्यांना शक्यच नव्हतं.

उन्हं तापायला लागली होती. दुकानासमोर जीप थांबली आणि तिघी उतरल्या. पुढे लक्ष्मीबाई, गंगापूरकडच्या एका गावातल्या बायांच्या भजनी मंडळाच्या प्रमुख, अंगानं भक्कम आणि आवाजानं त्याहून भक्कम. मागे वाळूजला कंपनीत कामाला असलेली अपेक्षा, तिच्या दोन्ही हातांवर गोधडीत गुंडाळलेला सिंथेसायझर. आणि तिच्या खांद्याला धरून एक पाय ओढत येणारी तिची आजी, सारजाबाई. नऊवारीचा पदर नीट डोक्यावर, उजवा हात अंगालगत लोंबकळलेला.

मी चहा घेणार का म्हणून विचारलं. सारजाबाई "नाय" म्हणाल्या आणि कप उचलला. मी चमकले, तर अपेक्षा हसून म्हणाली की आजीला सगळं कळतं, पण तोंडातून शब्द येत नाही. येतो तो एवढाच एक. हो म्हणायचं असलं तरी नाय, भूक लागली तरी नाय. आपण चेहरा बघायचा.

मग एकेक कळत गेलं. सारजाबाई पेटी वाजवायच्या. माहेरी बापाच्या मांडीशेजारी बसून शिकल्या आणि सून म्हणून गावात आल्या तेव्हापासून मंडळाची पेटी त्यांच्याकडेच होती. दोनेक वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय बऱ्यापैकी परतला. उजवा हात आणि बोलणं परतलं नाही. पेटीला तर दोन हात लागतात, एक पट्ट्यांवर आणि एक भात्यावर. एका हातानं एक तर सूर दाबा, नाही तर हवा भरा. पेटी फडक्याखाली गेली आणि सारजाबाई मंडळात मागच्या ओळीत जाऊन बसल्या, हातात टाळसुद्धा न घेता.

हे बघवेना म्हणून अपेक्षानं हा सिंथेसायझर आणला. कुठल्याही कंपनीचा असला तरी गावात त्याला कॅसिओच म्हणतात. त्याला भाता नाही, त्यामुळे एक हात पुरतो. पण उरलेला हात डावा. त्या हातानं सारजाबाईंनी जन्मभर फक्त भाता ओढलेला. जिथं करंगळी जायची तिथं आता अंगठा जायला हवा. सगळी बोटं उलटी, आणि सगळा अभंग उलटा. या बाईनं त्या वयात तो डावा हात पहिल्यापासून शिकवला. सकाळी सारवण-झाडलोट उरकली की ओसरीवर बसायचं आणि एकेक बोट बसवायचं. मी डाव्या हातानं दात घासून बघितले आहेत. दोन दिवसांत नाद सोडला. त्यामुळे अपेक्षा सांगत होती तेव्हा मी सारजाबाईंकडे नुसती बघत राहिले.

अडचण आवाजाची होती. असल्या हलक्या, उचलून नेण्याजोग्या वाद्यात बसवलेले स्पीकर तळहाताएवढेही नसतात. घरात ठीक. मृदंग आणि वीसेक बायांचे टाळ सुरू झाले की तो कॅसिओ वाजतोय की नाही, हे वाजवणारीलाही कळत नाही. दोनदा करून बघितलं होतं, दोन्ही वेळा फजिती. मंडळात आता दुसरी पेटीवाली बघायचं बोलणं सुरू झालं होतं. लक्ष्मीबाईंनी ते सारजाबाईंच्या देखतच मला सांगितलं. त्यात दुष्टपणा नव्हता, त्यांचा स्वभावच रोखठोक. येत्या एकादशीला शेवटचं बघायचं, जमलं तर जमलं, आणि त्यासाठी मंडळानं मिळून आवाजाचं सामान घ्यायचं ठरवलं होतं.

सारजाबाई दुकानातल्या फरशीवर मांडी घालून बसल्या. मी स्टूल पुढे केलं तर "नाय". हा नाय खरा होता. भजनाला खालीच बसायचं तर ऐकायचंही खालूनच. इतकी वर्षं मी लोकांना उभ्यानं स्पीकर ऐकवत आले आणि हे कधी सुचलं नाही.

पहिल्यांदा मी लग्नाच्या वरातीत चालतो तसला मोठा बॉक्स जोडला. खालच्या सुरांना काचेचं कपाट थरथरलं, पण त्या दणक्यात मधले सूर गाळात रुतल्यासारखे झाले. सारजाबाईंनी दोन पट्ट्या शेजारी शेजारी दाबल्या आणि माझ्याकडे बघितलं. दोन्ही जवळजवळ सारख्याच ऐकू येत होत्या. मग भाषणाच्या माइकसाठी असतो तो जोडला. तो माणसाच्या बोलण्यासाठी केलेला, त्यातून सूर नाकातून यायला लागला. तिसरा कीबोर्डसाठीच बनवलेला छोटा अ‍ॅम्प होता. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच डब्यात, वर धरायला मूठ, आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा. त्याची खुबी एवढीच की तो स्वतःचं काही घालत नाही. जे वाजवाल ते तेवढंच मोठं करतो, खालचं खालच्यासारखं आणि वरचं वरच्यासारखं.

सारजाबाईंनी एक पट्टी दाबून धरली, काळी चार. मग डोळे मिटले. सूर दुकानभर झाला. रस्त्यावरच्या रिक्षा चालूच होत्या, पण मला काही वेळ त्या ऐकू आल्या नाहीत. "नाय, नाय," सारजाबाई म्हणाल्या आणि त्यांचा अख्खा चेहरा हसत होता. हा नाय कोणता ते लहान मुलालाही कळलं असतं.

लक्ष्मीबाईंनाही कळलं. पण त्यांचा डोळा मोठ्या बॉक्सवर होता. त्या छोट्या अ‍ॅम्पला त्यांनी पायानं थोडं सरकवून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, आमचं भजन येशीवर ऐकू आलं पायजे. शेजारच्या गावचं आमच्या शेतात ऐकू येतं."

मी वॅटपासून सुरुवात करून बरंच बोलले. काही उपयोग झाला नाही. शेजारच्या गावाचा विषय निघाला की माझं शास्त्र कुठं टिकणार? शेवटी ठरलं की एकादशीला मी दोन मोठे बॉक्स घेऊन स्वतः गावात येईन आणि जोडून देईन, पसंत पडले तर ठेवायचे. नवं सामान पहिल्यांदा मीच जोडून देते, ती माझी पद्धत आहे. निघताना मी तो छोटा अ‍ॅम्पही गाडीत टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. हट्टी माणसाला सांगावं लागत नाही.

एकादशीला मी गावात पोचले. मारुतीच्या देवळापुढे पत्र्याचा सभामंडप, त्याच्यापुढे मैदान आणि मैदानापलीकडे शाळेची लांबलचक भिंत. ऊन उतरलं तशा बाया जमल्या. लक्ष्मीबाईंनी दोन्ही बॉक्स मंडपाच्या पायऱ्यांच्या दोन टोकांना उभे करायला लावले, तोंडं मैदानाकडे. मी म्हटलं, अहो, तुम्ही सगळ्या मागे बसणार, तुम्हाला सूर ऐकू यायचा नाही.

"आमाला काय ऐकायचंय?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "आमी तर म्हणणाऱ्या."

मंडपातल्या सगळ्या बायांना ते पटलं. स्पीकर गावासाठी असतो, आपल्यासाठी नाही. देवळातला भोंगा असो की लग्नातला, त्याचं तोंड बाहेरच असतं. आजवर पेटी मांडीपुढे असायची, त्यामुळे तिचा सूर आपण ऐकतो आणि त्याला धरून म्हणतो, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. विहिरीवर राहणाऱ्याला पाण्याचा विचार करावा लागत नाही, तसं.

सारजाबाईंनी सुरुवात केली. सूर दणदणीत निघाला, मैदान ओलांडून गेला, शाळेच्या भिंतीवर आपटला आणि परत आला. पुढच्या ओळीतल्या बायांनी जाणारा सूर धरला, मागच्या ओळीतल्यांनी येणारा. मृदंग कुणाबरोबर जावं ते न कळून मधेच घुटमळला. एका अभंगाचे बघता बघता दोन झाले, एक दुसऱ्याच्या मागे फरफटत. वेशीवर नक्कीच ऐकू जात असणार, आणि तेच वाईट होतं. टाळ एकेक करून थांबले. सारजाबाईंचा डावा हात पट्ट्यांवर तसाच राहिला. त्यांची एकही पट्टी चुकली नव्हती. मी बारकाईनं ऐकत होते.

कुणी कुणाकडे बघेना. लक्ष्मीबाई उठून सारजाबाईंच्या जवळ बसल्या. त्यांचा तो भक्कम आवाज एवढा खाली येतो हे मला ठाऊक नव्हतं.

"सारजा, वाईट वाटून घेऊ नगं," त्या म्हणाल्या. "आता हे तुह्याच्यानं व्हायचं नाय."

"नाय," सारजाबाई म्हणाल्या.

त्या मंडपात एकही बाई अशी नव्हती जिला तो नकार कळला नाही.

मी दोन्ही बॉक्स बंद केले, गाडीतून छोटा अ‍ॅम्प आणला आणि सारजाबाईंच्या कॅसिओची पिन त्यात घातली. तो मी उंचावर ठेवायला निघाले तर त्यांनी डाव्या हातानं जमीन थोपटली. इथं. त्यांच्या उजव्या गुडघ्याशी, तोंड बायांकडे. मग डाव्या हातानं आपला निर्जीव उजवा हात उचलला आणि त्या डब्यावर ठेवला. तो हात हलत नसे, पण त्याला स्पर्श कळायचा. सूर वाजला की डबा थरथरतो आणि ती थरथर तळहाताला लागते. आमच्या धंद्यात असा उपयोग कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेला नाही.

त्यांनी सूर धरला. मोठा नव्हता. शाळेपर्यंत गेला नसेल. पण मंडपात तो जमिनीलगत पसरला आणि प्रत्येकीच्या मांडीपाशी पोचला. लक्ष्मीबाई जागेवरूनच म्हणायला लागल्या, आणि कुणी न सांगता सगळ्याजणी त्यांच्या मागे एका आवाजात आल्या. मृदंग बसला. टाळ बसले. एवढ्या बायांना एवढासा डबा पुरतो हे मी जन्मभर लोकांना सांगत आले होते. ते खरं असतं तेव्हा कसं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग मला एक आवाज ऐकू आला जो आधी नव्हता. खालचा, खरखरीत, बरेच दिवस न वापरलेला. शेजारी बसलेल्या अपेक्षानं माझं मनगट घट्ट धरलं. सारजाबाई म्हणत होत्या. नुसता आ नव्हे, अभंगातला शब्द न् शब्द. जिला चहाला हो म्हणता येत नव्हतं, तिच्या तोंडून अख्खी ओळ निघत होती, जोडाक्षरांसकट, एकही शब्द न सांडता.

बायांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी एकेक गप्प झाली. टाळ मांडीवर टेकले. लक्ष्मीबाई तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबल्या. शेवटचं कडवं सारजाबाईंनी एकटीनं म्हटलं, डोळे मिटून, उजवा हात त्या डब्यावर. बाकीच्या थांबल्या आहेत हे त्यांना माहीत नव्हतं.

अपेक्षानं मला नंतर सांगितलं की बोलणं गेलेल्या माणसाचं गाणं कधी कधी मेंदूत शाबूत राहतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आजीला गायला लावा म्हणून बजावलंही होतं. पण घरी कुणी आग्रह केला की आजी ओठ मिटून बसायची. सुराशिवाय तोंड उघडायची तिला लाज वाटत असावी. हे सगळं पटण्यासारखं आहे. कारण कळलं की नवल ओसरतं, असं मी समजत होते. माझं अजून ओसरलेलं नाही.

अभंग संपला. सारजाबाईंनी डोळे उघडले, लक्ष्मीबाईंकडे वळल्या आणि त्यांना काहीतरी सांगायला लागल्या. फार महत्त्वाचं काहीतरी, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तोंडातून आलं ते "नाय... नाय..." एवढंच. त्या पुन्हा प्रयत्न करायला लागल्या, गळ्याच्या शिरा ताणल्या, शब्द येईना. आत्ता होते ते सगळे शब्द कुठं गेले, कुणाला माहीत.

लक्ष्मीबाईंनी पदरानं आपलं तोंड पुसलं आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बोलू नगं, सारजा," त्या म्हणाल्या. "म्हण."

मग त्या उठल्या, आपली पुढची जागा सोडून मागच्या ओळीत जाऊन बसल्या आणि टाळ हातात घेतले. सारजाबाईंनी डावा हात पट्ट्यांवर ठेवला आणि पुढचा अभंग त्यांनीच उचलला.