गुन्हा कबूल नाही

मी जुगारी नाही. हे मी फौजदाराला सांगितलं, कोर्टाला सांगितलं, बायकोला तर रोज सांगितलं, आणि आता लिहूनही ठेवतो. शाळा माझी चौथीतच सुटली. अक्षर मोठं आणि वाकडं आहे, पण शब्द सरळ आहे. त्या सरळ शब्दानंच एका माणसाचं वाटोळं झालं, म्हणून तर लिहायला बसलो.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या श्रावणातली गोष्ट. मी उधन्याला लूम चालवायचो. आमची सुट्टी रविवारी नसायची. ज्या दिवशी कारखान्याची वीज बंद, तो आमचा रविवार. त्या दिवशी आम्ही पाचजण नवागामला माझ्या मित्राच्या खोलीत रमी खेळायला जमायचो. चौघे लूमवाले, आणि घरधनी मित्र तेवढा रेल्वेत गँगमन. पण रोजंदारीवरचा. बारा वर्षं रूळ ठोकल्यावर त्या साली कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आलं होतं. बाकी होता फक्त पोलिसांचा दाखला, की हा माणूस स्वच्छ आहे म्हणून. कायम झाला की क्वार्टर, औषधपाणी, म्हातारपणी पेन्शन. आम्हा लूमवाल्यांना यातलं काही स्वप्नातही नव्हतं, म्हणून त्याच्या यादीचा आनंद आम्हीच जास्त केला.

आम्ही पैसे लावून खेळत नव्हतो. गुण मोजायला कारखान्यातल्या रिकाम्या बॉबिन घ्यायचो. पण एक रीत होती, आणि ती मीच घालून दिली होती. गरिबाच्या घरी बसायचं तर फुकट चहा प्यायचा नाही. जो डाव हरेल त्यानं वहिनीच्या, म्हणजे मित्राच्या बायकोच्या, डब्यात एक रुपया टाकायचा. त्यातून त्या चहा-साखर-दूध आणायच्या. वर चार-आठ आणे उरले तर ते त्यांचेच. कुणी टाळाटाळ केली तर मी त्याला पुढचे पत्ते वाटत नसे.

खेळात मला तोड नव्हती, हे सांगायला मला लाज नाही. कुणी कोणतं पान फेकलं, कुणी कोणतं उचललं, सगळं डोक्यात. मित्र म्हणायचा, "भो, तू शिकला असता तर आज आमचा साहेब असता."

अशाच एका सुट्टीला भर दुपारी दार लोटून पोलीस आत आले. "कोई हलशो नहीं!" श्रावणात अर्धी सुरत पत्ते कुटते. सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दिवसांत, शेठलोकांच्या फ्लॅटमध्ये तीन पत्तीवर गाड्या हरल्या जातात. तिथं पोलीस चढत नाहीत, आणि लिफ्ट बंद असते म्हणून नव्हे. पण धाडी तर दाखवाव्या लागतात. मग नवागाम आहेच.

हवालदारानं आमचे खिसे उलटे करून सगळ्यांचे पैसे पत्त्यांवर ओतले आणि बॉबिन उचलली.

"टोकन छे."

"साहेब, बॉबिन आहे ती. सूत गुंडाळायची."

"अत्यारे तो टोकन छे, काका." म्हणजे आता ते पैशांऐवजी लावायचं टोकन.

वहिनी दारातून म्हणाल्या, "कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती आहे. बूट तरी काढा." कुणी काढले नाहीत. चहाचा डबा चुलीमागे होता. त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

जामिनावर सुटल्यावर आम्ही वकील गाठला. धुळ्याकडचाच होता. त्यानं समजावून सांगितलं. खेळणाऱ्याचं कलम वेगळं, जागा देणाऱ्याचं वेगळं. खेळणाऱ्याला थोडका दंड. पण जागा देणारा म्हणजे जुगाराचा अड्डा चालवणारा, त्याला तुरुंग. "माझं वर बोलणं झालंय," तो म्हणाला. "पाचही जणांनी गुन्हा कबूल करायचा. मग घरधन्यालाही नुसता खेळणारा म्हणून धरतील. दंड भरा, संध्याकाळी घरी. पण पाचही जणांनी. एक जरी नाही म्हणाला, तर हे जमायचं नाही."

मी विचारलं, "रमी जुगार आहे का?"

"तसं वरच्या कोर्टानं म्हटलंय, की रमी हा डोक्याचा खेळ आहे."

"मग मी कबूल काय करू?"

"काका, तत्त्व नका काढू."

आता माझा जावई मोबाइलवर पोकर का काय ते खेळतो. म्हणतो, "मामा, हा डोक्याचा खेळ का नशिबाचा, यावर वकील भांडताहेत. एका राज्यात चालतो, आपल्या राज्यात नाही, उद्याचं कोणी सांगावं." मी म्हटलं, ते भांडण मी तुझ्या लग्नाआधीच करून बसलोय.

तारखेच्या आदल्या दिवशी मित्र माझ्या कारखान्यात आला. लूमच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून मला बाहेर ओट्यावर नेलं. हातात टोपी धरून उभा. माझ्यापुढे तो कधी असा उभा राहिला नव्हता.

"भो, माझ्यासाठी एक डाव 'हो' म्हण. तुझ्या बापाचं काय जातं?"

"बापाचंच जातं. त्यानं कधी पानाला हात लावला नाही. त्याचा पोरगा कागदावर जुगारी लिहून घेईल?"

"दंडाची पावती कोण विचारतं? मोठी केस असली की दाखला अडतो. पक्की यादी निघायला दोन महिने राहिले."

"तुला डाग लागू देणार नाही. कबूल केलं तर डाग लागतो. लढलो तर स्वच्छ सुटू. माझ्यावर भरवसा आहे ना?"

त्यानं टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "खेळात तर आहे." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी कोर्टानं विचारलं, "गुनो कबूल छे?" मी नाही म्हणालो. वकिलानं कपाळाला हात लावला. मी नाही म्हटल्यावर बोलणं फिस्कटलं, मित्रावर अड्ड्याचं कलम तसंच राहिलं आणि त्याचा अड्डा ठरू नये म्हणून बाकीच्यांनाही नाही म्हणावं लागलं. केस सुरू झाली, दाखला थांबला.

वकील वाटला त्यापेक्षा चांगला निघाला. हवालदाराच्या तोंडून त्यानं काढून घेतलं, की डावावर लावलेले पैसे दिसले नव्हते, ते खिशातून काढून ओतले होते. पंच तर आलाच नाही. वकील हळूच म्हणाला, "काका, सुटलात. आता जजसाहेब विचारतील तेव्हा 'खोटं आहे' एवढंच म्हणा. जास्त बोलू नका."

साहेबांनी मला विचारलं, या बॉबिन कशासाठी होत्या? भला माणूस दिसत होता, मराठी समजत होतं. मला वाटलं, याला नीट सांगितलं तर कळेल आम्ही कसली माणसं आहोत. मी सांगितलं, की बॉबिन गुण मोजायला. पैसे आम्ही लावतच नव्हतो. उलट आमची रीत अशी, की कुणाच्या घरचं फुकट प्यायचं नाही. हरणारा एक रुपया डब्यात टाकतो, वहिनी चहा करतात, उरलं तर त्यांना राहतं. एक पैशाची लबाडी नाही, साहेब.

वकील खाली बघायला लागला. साहेबांनी लिहायचं थांबून विचारलं, "प्रत्येक डावाला?"

"प्रत्येक डावाला," मी म्हणालो. छाती काढून म्हणालो.

निकालात साहेबांनी म्हटलं, की रमी डोक्याचा खेळ असेलही. पण दर डावामागे घरधन्याच्या घरात काही जात असेल आणि उरलेलं घरात राहत असेल, तर ती नाळ झाली. आणि नाळ घेतली जाते तो अड्डा. आम्हा चौघांना दंड. मित्राला तीन महिने कैद.

नाळ हा शब्द मला माहीत होता. अड्डेवाला प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो, त्याला म्हणतात. वहिनीच्या चहाला तो लागेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. एवढी पानं लक्षात ठेवणाऱ्या डोक्यात.

बायको त्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुमना ताठानी त्यानं घर खाई टाकं." मी ताट सरकवून उठलो. 

पक्की यादी निघाली तेव्हा तो तुरुंगात होता. त्याचं नाव खोडलेलं होतं. मी कामाचा खाडा करून त्याच्या ऑफिसात गेलो. बाबूला म्हटलं, चूक माझी आहे, लिहून देतो, अंगठा नाही, सही करतो.

"तुम्ही त्याचे कोण?"

"मित्र."

"त्याच केसमधले?"

"हो."

बाबू हसला आणि दुसऱ्या माणसाचा कागद घेतला.

वहिनीकडेही गेलो. धान्याची पिशवी नेली होती. त्यांनी दारातच अडवलं. "भाऊजी, तुम्ही खोटं बोलला नाहीत. मी कुठं म्हणते खोटं बोललात? पण पिशवी घेऊन जा. कोर्टात परत कुणी विचारलं तर तुम्ही हेपण सांगाल."

लोक विचारतात, पुन्हा तशी वेळ आली तर? गुन्हा मी आजही कबूल करणार नाही. मी केलाच नव्हता. पण लढायचं होतं तर मी एकट्यानं लढायचं असतं. दुसऱ्याचं घर पणाला लावून मी माझं नाव राखत होतो. जुगार म्हणायचा तर तो मी त्या ओट्यावर खेळलो.

वर्षाभरानं उधन्याच्या फाटकाशी गाडी जायची वाट बघत उभा होतो. तिथंच रुळावर ठेकेदाराची माणसं खडी भरत होती. त्यांत तो होता. तोच रूळ, पण आता ठेकेदाराचा मजूर. अर्धा झाला होता. मी हाक मारली तसं त्यानं वर पाहिलं. मुकादमानं विचारलं, "कौन है?"

"कोई नहीं," तो म्हणाला. "हमारे उधर का है."

गाडी गेली. फाटक उघडलं. मागचे सायकलवाले घंटी वाजवायला लागले, तेव्हा मी निघालो.