अकराव्या मजल्यावरचा हुक

एसी दुरुस्तीच्या कामाला लागलो तेव्हा ट्रेनिंगमध्ये दोन गोष्टी डोक्यात भरवल्या होत्या. ग्राहकाला 'नाही' म्हणायचं नाही आणि सेफ्टी बेल्ट अडकवल्याशिवाय बाहेर उतरायचं नाही. दोन्ही एकाच घरात समोरासमोर आल्या तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

ते घर मुलुंडचं, अकराव्या मजल्यावरचं. ऐन मे महिना. ऑपरेशन होऊन नुकतेच घरी आलेले आजोबा आत घामाघूम पडले होते. बिघाड बाहेरच्या युनिटमध्ये होता आणि ते युनिट खिडकीखालच्या अरुंद छज्ज्यावर. बेल्ट माझ्याकडे होता, पण तो अडकवायला भिंतीत हुकच नव्हता. ग्रिल धरून बघितलं, तर तेही डुगडुगत होतं.

"ताई, असं नाही उतरता येणार मला."

आजोबांची सून वैतागली. "अहो, मागच्या वेळचा माणूस पटकन उतरला होता की!"

"उतरला असेल. मी नाही उतरणार."

"बाबांकडे तरी बघा ना जरा!"

बघितलं, आणि पाय खिडकीपर्यंत गेलाही. खाली पार्किंगमधल्या गाड्या दिसल्या. मागे फिरलो. तिने माझ्यासमोरच ॲपवर एक स्टार दिला.

बाहेर जिन्यात बसून सुपरवायझरना फोन लावला. आता बोलणी खायची, असंच वाटत होतं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "तू भिंतीत हुक बसवायचं सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ठेव. मी ड्रिल घेऊन निघतो."

तोवर शेजारून टेबल फॅन मागून आणला आणि आजोबांच्या उशाशी लावला. सुपरवायझर येताच आम्ही खिडकीच्या आत भिंतीत हुक बसवला, दोघांनी जीव खाऊन ओढून पाहिला, आणि मग मी उतरलो. गरज नव्हती, तरी सून माझ्या बेल्टची दोरी घट्ट धरून उभी होती.

"नीट बांधलंय ना त्याला?" आतून आजोबांनी विचारलं.

तो एक स्टार तसाच राहिला. पण त्या बिल्डिंगमधून मलाच बोलावणी येऊ लागली, आणि दिवाळीआधी सोसायटीने सगळ्या घरांत हुक बसवून घेतले. परवा तिथे गेलो, तर दुसऱ्याच कंपनीचा माणूस वरच्या छज्ज्यावर बेल्ट लावून मजेत शीळ घालत काम करत होता.